जीमेलचा थंडरबर्डमधला बॅकअप दर वेळी अर्धवट का राहतो?

थंडरबर्ड हा संगणकावर मेल उतरवून वाचायचा प्रोग्रॅम. त्यात जीमेलचा बॅकअप घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा तीन प्रकारे कानावर येते. पहिली: "थंडरबर्डमध्ये सगळे मेल दिसतायत, पण जुना मेल उघडला की आत काहीच नाही." दुसरी: "काही महिने छान चाललं, मग नवीन मेल उतरायचेच थांबले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही." तिसरी सगळ्यांत वाईट: "बॅकअप झालाय म्हणून जीमेलमधले जुने मेल काढून टाकले, तर ते थंडरबर्डमधूनही गेले."

मी ठाण्यातल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांची आणि छोट्या दुकानांची संगणकाची कामं बघतो. सोसायटीचं एकच जीमेल खातं असतं, ते एका सेक्रेटरीकडून दुसऱ्याकडे जातं आणि त्यात ऑडिटचे अहवाल, उपनिबंधक कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, कंत्राटदारांची कोटेशनं असं सगळं साठलेलं असतं. हा मजकूर गेला तर सभासदांचं खरंखुरं नुकसान होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण विंडोजवरच्या थंडरबर्डचं आणि वैयक्तिक, म्हणजे फुकटच्या, जीमेल खात्याचं घेतलंय. मेनूंची नावं इंग्रजी थंडरबर्डमध्ये जशी दिसतात तशीच दिली आहेत.

मेल नुकतेच उडाले असतील तर आधी हे करा

जीमेल वेबवर उघडून डावीकडच्या यादीत बिन किंवा ट्रॅश बघा. काढलेले मेल तिथे ३० दिवस राहतात. तेवढ्या मुदतीत असाल तर ते निवडून परत इनबॉक्समध्ये हलवा. थंडरबर्ड अजून उघडलंच नसेल तर आणखी एक संधी आहे: संगणकाचं इंटरनेट बंद करा, मगच थंडरबर्ड उघडा आणि जे मेल पूर्ण उतरलेले दिसतील ते लोकल फोल्डर्समध्ये (थंडरबर्डच्या डाव्या यादीतली, फक्त या संगणकावर असणारी जागा) कॉपी करून घ्या. वायफाय चालू ठेवून उघडलंत, तर ते आधी सर्व्हरला (मेल जिथे साठतात त्या गूगलच्या संगणकाला) विचारेल आणि तिथे जे नाही ते इथूनही काढेल.

असं का होतं? जीमेलचं खातं जोडताना थंडरबर्ड आपणहून आयमॅप ही पद्धत निवडतं. आयमॅपचं काम सर्व्हरवर जे आहे तेच इथे दाखवणं. मेल तिथे आला की इथे येतो, तिथून गेला की इथून जातो. रोजच्या वापराला हे फार सोयीचं आहे, कारण फोन, ऑफिसचा संगणक आणि घरचा लॅपटॉप सगळीकडे एकच चित्र दिसतं. पण ज्याला आपण बॅकअप म्हणतो, म्हणजे मूळ गेलं तरी हातात राहणारी प्रत, ती आयमॅप देत नाही. डाव्या यादीत खात्याच्या नावाखाली दिसणारं प्रत्येक फोल्डर सर्व्हरला बांधलेलं असतं. सर्व्हरशी संबंध नसलेली जागा त्या यादीत एकच: लोकल फोल्डर्स. मेल तिथे कॉपी झाला, तो नेट बंद असताना उघडला, आणि त्या फोल्डरची प्रत संगणकाबाहेर गेली, या तीन गोष्टी होईपर्यंत जीमेलमधलं काहीही काढू नये असं माझं ठाम मत आहे.

जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंबरोबर वाटलेली असते. ती भरली की नवीन मेल यायचे थांबतात, त्यामुळे लोक घाईत असतात आणि नेमकं याच घाईत हे सगळं घडतं. जागा तातडीने हवीच असेल तर आधी ड्राइव्हमधले नको असलेले व्हिडिओ काढा, मेलला हात लावू नका.

मेल दिसतो, पण आत रिकामा असतो

थंडरबर्ड आधी मथळे उतरवतं: कुणाकडून, कधी, विषय काय. आतला मजकूर आणि अटॅचमेंट मागाहून, सवडीने उतरत राहतात. हजारो मेलची यादी काही वेळात भरते आणि बघणाऱ्याला वाटतं काम झालं. नेट चालू असेपर्यंत खोटेपणा उघडा पडत नाही, कारण मेलवर क्लिक केलं की तो त्या क्षणी सर्व्हरवरून आणला जातो. नेट तुटल्यावर किंवा खातं बंद झाल्यावरच कळतं की आत काही नव्हतं.

यासाठी अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याखालचं 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' पान उघडा. या पानावर चार गोष्टी बघायच्या. या खात्यातले सगळ्या फोल्डर्समधले मेल या संगणकावर ठेवा, अशा अर्थाची पहिली चौकट टिकलेली (म्हणजे बरोबरची खूण केलेली) हवी. खाली वयाची अट असते. तिथे 'सिंक्रोनाइझ ऑल मेसेजेस लोकली' निवडलेलं हवं. तिथे अलीकडच्या काही दिवसांचेच मेल निवडले गेले असतील तर जुनं काहीच उतरणार नाही. 'डोन्ट डाउनलोड मेसेजेस लार्जर दॅन' ही चौकट रिकामी हवी. ती टिकलेली राहिली तर नेमके अटॅचमेंटवाले मोठे मेल मागे राहतात, आणि ज्यासाठी हा खटाटोप चाललाय ते ऑडिटचे पीडीएफ त्यांतच असतात.

चौथी गोष्ट त्याच पानावर अगदी खाली आहे आणि ती धोक्याची आहे. जुने मेल कायमचे काढून जागा मोकळी करण्याचा पर्याय तिथे मिळतो. आयमॅप खात्यात तो पर्याय संगणकावरची प्रत आणि सर्व्हरवरचं मूळ, दोन्ही काढतो. तिथे 'डोन्ट डिलीट एनी मेसेजेस' हेच असल्याची खात्री करा. दुसऱ्या कुणी संगणक 'हलका' करून दिला असेल तर हे पान आवर्जून बघा.

एवढं करूनही सगळे मेल दिसत नसतील तर गाठ जीमेलच्या बाजूला असते. वेबवरच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या पानावर एका आयमॅप फोल्डरात जास्तीत जास्त किती मेल दाखवायचे याची मर्यादा घालता येते: १,०००, २,०००, ५,००० किंवा १०,०००. मूळ सेटिंग 'मर्यादा नको' असंच असतं, पण फोनवरचं एखादं जुनं ॲप हळू चालतं म्हणून कुणीतरी कधीतरी ती लावलेली असते आणि नंतर विसरलेली असते. थंडरबर्डमधला आकडा नेमका १०,००० वर अडकला असेल तर दुसरीकडे शोधू नका, इथेच या. 'लेबल्स' पानावर 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप' चौकटही टिकलेली हवी, नाहीतर ते फोल्डर थंडरबर्डमध्ये उगवणारच नाही.

ऑल मेलच का? जीमेलमध्ये खरं तर फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला तीन लेबलं लावली असतील तर थंडरबर्डमध्ये तो तीन फोल्डरांत दिसतो आणि ऑल मेलमध्येही दिसतो. सगळी फोल्डरं एकेक करून कॉपी केलीत तर एकाच मेलच्या चार प्रती होतील. ऑल मेलमध्ये स्पॅम आणि ट्रॅश सोडून सगळं असतं, पाठवलेले मेलसुद्धा. म्हणून बॅकअपसाठी तेवढं एकच फोल्डर धरा. त्यावर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये 'सिंक्रोनायझेशन' उघडा, हे फोल्डर ऑफलाइन वापरासाठी निवडा आणि 'डाउनलोड नाउ' दाबा. लॅपटॉपची झोपेची सेटिंग तेवढ्यापुरती बंद ठेवा, चार्जर लावून ठेवा आणि सी ड्राइव्हवर खात्याच्या आकाराच्या किमान दुप्पट जागा मोकळी आहे ना बघा. लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करताना तोच मजकूर डिस्कवर दुसऱ्यांदा साठतो.

मधेच थांबतं, लाल सूचना येते

इथे संयमाची परीक्षा असते. गूगलने आयमॅपने उतरवायला दिवसाला २,५०० एमबीची मर्यादा ठेवली आहे, पॉप या दुसऱ्या पद्धतीला (तिच्याबद्दल शेवटी) १,२५० एमबीची. म्हणजे १२ जीबीचं खातं आयमॅपने उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी ५ दिवस लागतात, पॉपने १०. तुमचं फायबर कितीही वेगवान असो, हा हिशोब बदलत नाही. मर्यादा ओलांडली की 'अकाउंट एक्सीडेड कमांड ऑर बँडविड्थ लिमिट्स' अशा शब्दांची सूचना येते. ती आली की थंडरबर्ड बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा. खातं काढून पुन्हा जोडणं हा सगळ्यांत महाग पडणारा उपाय आहे, कारण उतरलेलं सगळं टाकून पहिल्यापासून सुरुवात होते आणि दिवसाची मर्यादा पुन्हा त्यातच संपते. बॅकअप महिनोन्महिने पूर्ण न होण्यामागे मला हे कारण वारंवार सापडतं.

'टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स' ही सूचना वेगळी. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ जोडण्या देतं. सोसायटीचं खातं चार जणांच्या फोनवर, ऑफिसच्या संगणकावर आणि मॅनेजरच्या लॅपटॉपवर असेल तर त्या सहज भरतात, कारण एकटं थंडरबर्ड ५ पर्यंत घेतं. सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड' उघडून जोडण्यांचा आकडा १ किंवा २ करा. वेग किंचित कमी होईल, काम मात्र अडणार नाही.

पासवर्ड बदलला आणि बॅकअप मुका झाला

३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांना नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून आत येणं बंद केलं. आता थंडरबर्ड ओऑथ२ वापरतं: गूगलचीच खिडकी उघडते, तुम्ही तिथे परवानगी देता आणि थंडरबर्ड एक किल्ली जपून ठेवतं. तुम्ही खात्याचा पासवर्ड बदललात की जीमेलची ही किल्ली रद्द होते. सिक्युरिटी चेकअप करताना जोडलेल्या ॲपच्या यादीत थंडरबर्डचं नाव बघून 'हे काय बरं' म्हणून कुणी काढून टाकलं तरी तेच होतं.

सोसायटीत हे ठरलेलं असतं. कार्यकारिणी बदलते, नवे सेक्रेटरी पासवर्ड बदलतात (आणि त्यांनी तो बदलायलाच हवा), ऑफिसच्या संगणकावर परवानगीची खिडकी येते, मॅनेजर ती बंद करतो. मेल सगळ्यांच्या फोनवर येत असतातच, म्हणून कुणाला काही खटकत नाही.

उपाय असा. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा, 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये ओऑथ या शब्दाने सुरू होणारी गूगलची ओळ काढा आणि थंडरबर्ड बंद करून उघडा. परवानगीची खिडकी पुन्हा येईल, तिथे नव्या पासवर्डने आत या. खिडकी येऊन पांढरीच राहिली किंवा सारखी तेच विचारत राहिली तर त्याच पानावर कुकीज स्वीकारायची चौकट बघा. ती बंद असेल तर ही परवानगी पूर्ण होत नाही. तेही नीट असेल तर सर्व्हर सेटिंग्ज तपासा: पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस, ऑथेंटिकेशन ओऑथ२. अनेक वर्षांपूर्वी जोडलेल्या खात्यात तिथे 'नॉर्मल पासवर्ड' राहिलेला असतो आणि तेवढा बदलला की काम होतं. आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांनाही १६ सप्टेंबर २०२४ पासून हेच लागू झालं, त्यामुळे हॉटमेलवाल्यांनीही हीच ओळ बघावी.

लोकल फोल्डर्समध्ये नेताना

लोकल फोल्डर्सखाली वर्षाच्या नावाने फोल्डरं करा: २०१९, २०२०, २०२१. ऑल मेल तारखेने लावा, वर्षाचा पहिला मेल निवडा, शिफ्ट धरून शेवटचा निवडा, उजवं क्लिक, 'कॉपी टू', आणि ते वर्ष. 'मूव्ह टू' नको. 'आर्काइव्ह' बटणही नको. ते वर्षवार लावून देतं म्हणून मोहात पाडतं, पण मेल कॉपी न करता हलवतं. एका दमात दोनेक हजारांवर मेल घेऊ नका. फार मोठा गठ्ठा मधेच अडकला तर कुठपर्यंत आला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

वर्षवार फोल्डरं करण्यामागे व्यवस्थितपणापलीकडचं एक कारण आहे. थंडरबर्ड नेहमीच्या सेटिंगमध्ये एका फोल्डरातले सगळे मेल एकाच एमबॉक्स फाइलमध्ये ठेवतं. सगळं एकाच फोल्डरात ओतलंत तर ती एक फाइल ८–१० जीबीची होते. मग पेनड्राइव्हवर नेताना विंडोज म्हणतं की फाइल फार मोठी आहे, आणि ड्राइव्ह तर ६४ जीबीचा, रिकामा! कारण जुने पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही मावत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की अडचण सुटते (आतलं सगळं पुसलं जातं, ते आधी काढून ठेवा). वर्षवार लहान फाइली असतील तर प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. एखाद्या फाइलला इजा झाली तरी एकच वर्ष धोक्यात येतं.

ही इजा अँटिव्हायरसकडूनही होऊ शकते. जुन्या स्पॅमच्या अटॅचमेंटमध्ये व्हायरस सापडला तर अँटिव्हायरसला ती अख्खी एमबॉक्स फाइल दूषित वाटते आणि तो सगळं फोल्डर उचलून कोंडून ठेवतो. इनबॉक्स एका रात्रीत नाहीसा झाला असं कुणी सांगितलं की आधी अँटिव्हायरसचं क्वारंटाइन बघा, फाइल तिथून परत आणता येते. नंतर थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर (मेल आणि सेटिंग्ज जिथे साठतात ते) त्याच्या तपासणीतून वगळा. फाइल जागेवर आहे पण यादी विस्कटली आहे, तारखा चुकीच्या दिसतायत, एका मेलवर क्लिक केलं की दुसराच उघडतो, असं असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. त्याने फक्त सूची नव्याने बनते.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं

फाइल मेनूत 'ऑफलाइन' आणि मग 'वर्क ऑफलाइन' निवडा. आता लोकल फोल्डर्समधल्या प्रत्येक वर्षातले पाच-सहा मेल उघडा, त्यांत अटॅचमेंटवाले नक्की घ्या, आणि पीडीएफ खरोखर उघडून बघा. मजकूर ऑफलाइन वाचण्यासाठी उतरवलेला नाही अशी सूचना दिसली तर त्या वर्षाची कॉपी पुन्हा करावी लागेल.

आकडे जुळवताना बरेच जण गोंधळतात. जीमेल वेबवर ऑल मेलमध्ये ११,००० दाखवतं आणि थंडरबर्डमध्ये २३,०००, तर जास्तीचे कुठून आले? जीमेल मूळ सेटिंगमध्ये संभाषणं मोजतं. एका विषयावरची दहा उत्तरं तिथे एकच धरली जातात. सेटिंग्जमध्ये 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद करा, मग आकडे जवळ येतील.

नंतर थंडरबर्ड पूर्ण बंद करा. हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डरची जागा आधीच बघून ठेवलेली असू द्या. तिथे 'मेल' नावाच्या फोल्डरात 'लोकल फोल्डर्स' आहे. ते अख्खं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. टूल्स मेनूतला 'एक्सपोर्ट' सोपा दिसतो, पण २ जीबीपेक्षा मोठं प्रोफाइल तो घेत नाही. चालू प्रोफाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका. दोन प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये लिहायला लागले की ती बिघडते. कुणी उत्सुकतेने एमबॉक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि मराठी मेलच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अगम्य रांगोळा दिसला तर घाबरू नका. मराठी मजकूर आणि अटॅचमेंट मेलमध्ये अशाच सांकेतिक रूपात साठवतात. थंडरबर्ड ते नीट वाचतं.

एक मोठी फट मात्र कुठल्याही पद्धतीने बुजत नाही. २५ एमबीपेक्षा मोठी अटॅचमेंट जीमेल ड्राइव्हची लिंक म्हणून पाठवतं. तुमच्या बॅकअपमध्ये ती लिंक येते, फाइल येत नाही. इमारतीचे नकाशे, स्ट्रक्चरल ऑडिटचे फोटो हे बऱ्याचदा असेच आलेले असतात, आणि पाठवणाऱ्याने आपल्या ड्राइव्हमधून ते काढले की लिंक निकामी. ऑल मेलमध्ये ड्राइव्हच्या लिंका असलेले मेल शोधा आणि त्या फाइली हाताने उतरवून त्याच डिस्कवर ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुनर्विकासाच्या वाटाघाटीत कुणी नेमका तोच नकाशा मागतं.

आयमॅप नकोच असेल तर

पॉप पद्धतीने जोडलेलं खातं मेल थेट संगणकावर उतरवतं, आणि नंतर सर्व्हरवरून मेल काढला तरी इथला राहतो. फक्त जोडल्याबरोबर, मेल उतरायच्या आधी, सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' टिकवा आणि त्याखालची १४ दिवसांची अट काढा. ती राहिली तर दोन आठवड्यांनी थंडरबर्ड सर्व्हरला ते मेल काढायला सांगू लागतं. जीमेलच्या बाजूला पॉप 'सगळ्या मेलसाठी' चालू करा आणि पॉपने उतरल्यावर जीमेलने आपली प्रत इनबॉक्समध्ये ठेवावी असं निवडा. जीमेल पॉपला मेल तुकड्या-तुकड्यांनी देतं, म्हणून 'गेट मेसेजेस' पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. लेबलं येत नाहीत.

एकदाच सगळं उचलायचं असेल तर गूगल टेकआउट बरं. ते जीमेलची एमबॉक्स फाइल बनवून देतं, लेबलांची नावंही प्रत्येक मेलच्या मथळ्यात लिहिलेली असतात, आणि थंडरबर्डमध्ये ती 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' या ॲडऑनने आणता येते. उतरवायची लिंक सुमारे आठवडाभरच चालते. वर्षभर दर दोन महिन्यांनी आपोआप नवी प्रत तयार करण्याची सोयही तिथे आहे, पण ती उतरवून घेणं तुमच्याच हातात राहतं.

सोसायट्यांना मी दोन्ही करायला सांगतो: कार्यकारिणी बदलताना टेकआउटची एक पूर्ण प्रत, आणि दर तीन महिन्यांनी वर्षवार लोकल फोल्डर्समध्ये नवे मेल. हस्तांतराच्या यादीत चेकबुक, शिक्के आणि शेअर प्रमाणपत्रांच्या नोंदवहीबरोबर बाहेरच्या डिस्कची एक ओळ घाला, आणि नव्या सेक्रेटरींनी पासवर्ड बदलला की त्याच बैठकीत ऑफिसच्या संगणकावर परवानगीची खिडकी पूर्ण करून घ्या.